ईना मीना डीका ते ऐ मेरे वतन के लोगों : गाणी सगळ्यांना पाठ, पण सी. रामचंद्र यांना फिल्मफेअर कधीच का मिळालं नाही?

दरवर्षी पुरस्कारांचा सिझन आला की सोशल मीडियावर एक भांडण ठरलेलं असतं. ज्याला मिळालं त्याचे फॅन्स खूश, ज्याला मिळालं नाही त्याचे फॅन्स चिडलेले. अमेरिकेत ग्रॅमीवरून हेच होतं. २०१७ मध्ये बियॉन्सेचा 'लेमोनेड' बाजूला राहिला आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान अ‍ॅडेलच्या '२५'ला मिळाला, तेव्हा जगभर वाद झाला होता. बियॉन्सेला हा मान मिळायला २०२५ साल उजाडावं लागलं. बॉब मार्लेला तर जिवंतपणी एकही ग्रॅमी मिळाला नाही.

पण मंडळी, यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. असा एक माणूस आपल्या अगदी शेजारचा आहे.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की निफाड जातं आणि मग विंचूर येतं. विंचूरकर सरदारांचं, कांद्याच्या बाजाराचं आणि आता वाईन पार्कचं विंचूर. तिथून पुढे येवला. येवल्यात ज्या चौकात मनमाड-नगर रस्ता आडवा येतो त्याचं नाव विंचूर चौफुली. तिथून कोपरगावकडे वळलं की गोदावरीच्या काठावर पुणतांबा लागतं. पुणतांबा म्हटलं की लोकांना चांगदेवांची समाधी आठवते, नाहीतर २०१७ चा शेतकरी संप आठवतो.

याच पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. सिनेमावाल्यांचे सी. रामचंद्र, जवळच्या लोकांचे अण्णा.

अलबेला, अनारकली, आझाद, आशा, नवरंग. एकेका सिनेमाचं नाव घेतलं की चार-पाच गाणी आपोआप ओठावर येतात. २६ जानेवारीला गल्लीगल्लीत लागणाऱ्या 'ऐ मेरे वतन के लोगों'ची चालही त्यांचीच. शंभरच्या आसपास हिंदी सिनेमांना संगीत देणाऱ्या या माणसाला सर्वोत्कृष्ट संगीतकाराचं फिल्मफेअर मात्र एकदाही मिळालं नाही.

असं का झालं? कुणी डावललं, की नशीब आडवं आलं? हे समजून घ्यायचं तर त्यांची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

हिरो व्हायला आले आणि पेटीवर बसले

वडील रेल्वेत नोकरीला. पोराचं शाळेपेक्षा गाण्यात जास्त लक्ष. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात गंधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय गाण्याचे धडे घेतले. विनायकबुवा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पुढे ज्यांच्यावर सिनेसंगीतात पाश्चात्य धांगडधिंगा आणल्याचा आरोप झाला, त्यांचा पाया असा पक्का शास्त्रीय होता.

पण डोक्यात सिनेमा होता, आणि तोही पडद्यावरचा. १९३५ च्या सुमारास 'नागानंद' नावाच्या सिनेमात त्यांना थेट नायकाचं काम मिळालं. सिनेमा चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मुव्हिटोनमध्ये छोट्या छोट्या भूमिका करत दिवस काढले. अभिनयात काही जमेना, पण हातात पेटी होती. मिनर्व्हाच्या संगीत विभागात ते हार्मोनियमच्या साथीला बसू लागले. चाल कशी बांधतात, वादक कसे सांभाळतात, रेकॉर्डिंग कसं होतं, हे सगळं ते तिथे शिकले.

आणि इथेच त्यांना एक मित्र भेटला. भगवान पालव, म्हणजेच आपले भगवानदादा.

संगीतकार म्हणून सी. रामचंद्र यांची सुरुवात हिंदीत झाली नाही, मराठीतही नाही. ती झाली तमिळमध्ये. 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' हे ते सिनेमे. यातला 'वनमोहिनी' भगवानदादांनीच दिग्दर्शित केला होता. नंतर १९४२ मध्ये भगवानदादांच्याच 'सुखी जीवन'मधून हिंदीत त्यांच्या नावाची थोडी चर्चा सुरू झाली.

थोडीच म्हणायचं, कारण नाव एक नव्हतंच. कुठे राम चितळकर, कुठे अण्णासाहेब, कुठे श्यामू, आणि गायचं असेल तेव्हा नुसतं चितळकर. पिक्चरच्या पाटीवर नाव वाचून लोकांना कळायचंही नाही की हा सगळा एकच माणूस आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँडिंगच्या नावाने बोंब होती.

शिट्टी, सॅक्सोफोन आणि बोंगो

१९४७ मध्ये फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला आणि चित्र बदललं. यातल्या रविवारच्या भेटीवरच्या गमतीदार गाण्यात त्यांनी चक्क शिट्टी वापरली. तेव्हा हिंदी सिनेमातलं गाणं म्हणजे बहुतेक वेळा तबला, सारंगी, बासरी आणि व्हायोलिन. सी. रामचंद्र यांना अमेरिकन जॅझवाला बेनी गुडमन आवडायचा. त्यांनी सॅक्सोफोन, गिटार आणि माऊथ ऑर्गन एकत्र आणले आणि त्यावर अस्सल देशी शब्द बसवले.

१९४९ मध्ये 'पतंगा' आला. यातलं रंगूनला गेलेल्या नवऱ्याचं टेलिफोनवरचं गाणं शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांनी गायलं. आज ७५ वर्षांनंतरही ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजतं. १९५० मध्ये 'समाधी' आणि 'सरगम' आले, आणि १९५१ मध्ये आला 'अलबेला'.

'अलबेला'चं दिग्दर्शन भगवानदादांचं आणि हिरोही तेच. समोर गीता बाली, गीतकार राजेंद्र कृष्ण. स्टंटपट करणाऱ्या भगवानदादांचा हा सामाजिक सिनेमा चालेल की नाही याची खात्री कुणालाच नव्हती. पण गाण्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ओबो आणि सॅक्सोफोन यांचा असा काही मेळ होता की लोक खुर्चीत बसायला तयार नव्हते. गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट या सिनेमात आपल्या बँडसह पडद्यावरसुद्धा दिसतो. याच 'अलबेला'त लताबाईंच्या आवाजातली हळुवार अंगाईसुद्धा आहे. एकाच सिनेमात नाचायला लावणारं आणि झोपवणारं, दोन्ही गाणी तितकीच गाजली.

मग 'अलबेला'ला फिल्मफेअर का नाही?

साधं कारण आहे. १९५१ मध्ये फिल्मफेअर पुरस्कार सुरूच झाले नव्हते.

पहिलं फिल्मफेअर आणि अनारकली

पहिला फिल्मफेअर सोहळा झाला २१ मार्च १९५४ रोजी, मुंबईच्या मेट्रो थिएटरमध्ये. टाइम्स ऑफ इंडियाच्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ तेव्हा या पुरस्कारांना 'द क्लेअर्स' म्हणायचे. पुरस्कार फक्त ५ होते : सिनेमा, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीतकार. मासिकाच्या वाचकांनी मतं पाठवायची आणि त्यावरून निवड व्हायची. पहिल्या वर्षी २० हजारांहून जास्त वाचकांनी मतं पाठवली असं सांगितलं जातं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्या कामाला येणार आहेत. एक, हा कौल लोकांच्या आवडीचा होता. दोन, संगीतकाराचा पुरस्कार सुरुवातीची दोन वर्षं एखाद्या गाण्यासाठी दिला गेला. सिनेमाच्या पूर्ण संगीताचा, म्हणजे आजच्या भाषेत पूर्ण अल्बमचा, विचार १९५६ पासून सुरू झाला.

पहिल्या स्पर्धेच्या वेळी सी. रामचंद्र यांच्या पारड्यात होता १९५३ चा 'अनारकली'. गंमत म्हणजे हा सिनेमा आधी वसंत प्रकाश यांच्याकडे होता. त्यांचं एक गाणं झाल्यावर काम सी. रामचंद्र यांच्याकडे आलं. धांगडधिंगावाला म्हणून ओळखला जाणारा संगीतकार मुघल काळातल्या प्रेमकथेला काय संगीत देणार, अशी शंका कुणालाही आली असती. त्यांनी भीमपलास आणि बागेश्रीसारखे राग घेतले आणि लताबाईंच्या आवाजात अशी गाणी केली की 'अनारकली' त्या वर्षातल्या सगळ्यात जास्त चाललेल्या सिनेमांमध्ये गेला.

पण पहिलं फिल्मफेअर मिळालं नौशाद यांना, 'बैजू बावरा'मधल्या गाण्यासाठी.

आता इथे अन्याय झाला असं छाती ठोकून म्हणता येईल का? अवघड आहे. 'बैजू बावरा'चं संगीत हिंदी सिनेमातल्या सर्वोत्तम कामांपैकी एक मानलं जातं. पुरस्कारांच्या भांडणात आपण हे विसरतो. कधी कधी एकाच रांगेत दोन लायक माणसं उभी असतात आणि बाहुली मात्र एकच असते.

एका महिन्यात आझाद

यानंतर आला 'आझाद', आणि इथे गोष्ट रंगतदार होते.

दक्षिणेतले निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलु नायडू यांना त्यांचा तमिळ हिट 'मलैक्कळ्ळन' हिंदीत करायचा होता. दिलीपकुमार आणि मीनाकुमारी ठरले. संगीतासाठी ते आधी नौशाद यांच्याकडे गेले असं सांगतात. अट एकच, सगळी गाणी एका महिन्यात पाहिजेत. एकेका चालीवर दिवसच्या दिवस घालवणारे नौशाद साहजिकच नाही म्हणाले. मग नायडू सी. रामचंद्र यांच्याकडे आले आणि अण्णांनी हो म्हटलं.

महिन्याभरात गाणी तयार झाली. घाईत केलेलं काम आहे हे ऐकून कुणालाही कळणार नाही, इतकी ती पक्की आहेत. राधेच्या रुसव्याचं गाणं बागेश्रीत आहे, शास्त्रीय शिकणारे आजही ते गातात. दोन बहिणींनी नाचत गायलेलं गाणं तितकंच उडतं. एक द्वंद्वगीत तलत महमूद यांच्या आवाजात करायचं ठरलं होतं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी तलत उपलब्ध नव्हते आणि थांबायला वेळ नव्हता. मग अण्णा स्वतःच लताबाईंसोबत गायला उभे राहिले. आवाज इतका मऊ लावला की अनेक जण ते गाणं तलतचंच समजतात.

१९५६ च्या फिल्मफेअरला 'आझाद' संगीताच्या नामांकनात होता. त्याच सोहळ्यात 'आझाद'साठी दिलीपकुमार यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. संगीताचा मात्र गेला हेमंतकुमार यांच्याकडे, 'नागिन'साठी.

यातला योगायोग बघा. 'नागिन' फिल्मिस्तानचा, 'अनारकली'ही फिल्मिस्तानचाच. दोन्हीचे दिग्दर्शक एकच, नंदलाल जसवंतलाल. 'अनारकली'त हेमंतकुमार सी. रामचंद्र यांच्याकडे गायक म्हणून गायले होते. आणि 'नागिन'ची ती जगप्रसिद्ध बीन मुळात बीन नव्हतीच. ती क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती कल्याणजींनी, जे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतून स्वतः मोठे संगीतकार झाले.

'नागिन'ची ती धून देशभर घुमली. आजही वरातीत कुणी ना कुणी रुमाल तोंडात धरून नागीण होतोच. लोकप्रियतेच्या मापाने 'नागिन' जिंकला यात नवल नाही. पण एका सिनेमात किती प्रकारची गाणी आहेत, त्यात राग किती, नाच किती, आणि ती किती वेळात झाली, हे माप लावलं असतं तर 'आझाद'चं पारडं हलकं नव्हतं. माप बदललं की विजेता बदलतो.

मापात न बसणारी माणसं

१९५७ च्या 'आशा'ने तर कहर केला. अण्णांच्या म्युझिक रूमबाहेर पोरं खेळताना इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. त्यावरून अण्णा आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉनी गोम्स यांना 'ईना मीना डीका' सुचलं. गोम्स यांनी त्यात 'मला नको' अशा अर्थाचे कोकणी शब्दही घुसवले. देशभर पोरं जे काहीच्या काही म्हणून गायली, त्यात आपल्या शेजारच्या भाषेचा एक तुकडा होता. किशोरकुमार यांच्या आवाजातलं ते गाणं हिंदी सिनेमातल्या पहिल्या रॉक अँड रोल गाण्यांमध्ये धरलं जातं.

त्या वर्षीचं फिल्मफेअर ओ. पी. नय्यर यांना, 'नया दौर'साठी. पुन्हा तेच. 'नया दौर'ची गाणी काही कमी नव्हती.

पण जॉनी गोम्स यांचं काय? चिक चॉकलेट यांचं काय? वाद्यमेळ रचणारे, सुरावट कागदावर उतरवणारे असे कितीतरी गोव्याचे वादक त्या काळच्या सिनेसंगीताचा कणा होते. त्यांच्यासाठी फिल्मफेअरमध्ये रकानाच नव्हता. ज्या कामासाठी पुरस्कारच नाही, त्या कामाची लायकी कोण मोजणार?

गायकांचीही तीच अवस्था होती. १९५७ च्या सोहळ्यात शंकर-जयकिशन यांना 'चोरी चोरी'साठी पुरस्कार मिळाला आणि लताबाईंनी त्यातलं गाणं मंचावर गावं असा आग्रह झाला. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला आणि गीतकाराला नाही, मग मी का गाऊ, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला लताबाईंनाच मिळाला. म्हणजे रकाना कुणीतरी भांडल्यावर तयार होतो. वादकांसाठी असं भांडायला लताबाईंएवढं मोठं नाव पुढे आलं नाही.

नवरंग आणि उतरती कळा

पन्नासच्या दशकाच्या शेवटी लताबाई आणि सी. रामचंद्र यांच्यात दुरावा आला. त्याच्या कारणांवर भरपूर गॉसिप झालं, आपल्याला त्यात पडायचं नाही. संगीतावर झालेला परिणाम मात्र खरा होता. अण्णांची सगळ्यात गाजलेली गाणी ज्या आवाजासाठी बांधलेली होती, तोच आवाज आता सहज मिळत नव्हता.

तरीही १९५९ मध्ये त्यांनी व्ही. शांताराम यांचा 'नवरंग' केला. भरत व्यास यांचे शब्द, आशाताई आणि महेंद्र कपूर यांचे आवाज. ज्या होळीच्या गाण्यात संध्या एकाच वेळी बाई आणि बाप्या होऊन नाचतात, ते याच सिनेमातलं. मालकंसमधली गाणीही यातलीच. त्या वर्षीचं फिल्मफेअर 'अनाडी'साठी शंकर-जयकिशन यांच्याकडे गेलं.

साठच्या दशकात बाजार बदलला. शंकर-जयकिशन जोरात होते, १९६५ मध्ये 'दोस्ती'साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना फिल्मफेअर मिळालं आणि नवी पिढी आत आली. अण्णांचे सिनेमे कमी होत गेले. सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये संगीत दिग्दर्शनाचा विभाग सुरू झाला १९६७ च्या सिनेमांपासून. तोपर्यंत सी. रामचंद्र यांचा बहराचा काळ सरून गेला होता.

हिशेब मांडून बघा. 'शहनाई', 'पतंगा', 'अलबेला' आले तेव्हा फिल्मफेअर नव्हतं. 'अनारकली', 'आझाद', 'आशा', 'नवरंग' आले तेव्हा फिल्मफेअर होतं, पण समोर 'बैजू बावरा', 'नागिन', 'नया दौर', 'अनाडी' होते. राष्ट्रीय पुरस्कार आला तेव्हा काम नव्हतं. फिल्मफेअरचा जीवनगौरव १९९१ पासून द्यायला लागले, तेव्हा माणूसच नव्हता.

सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं कुठल्याच सिनेमात नाही

१९६२ च्या चीन युद्धात देश हरला. शहीद जवानांसाठी निधी उभा करायला २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर कार्यक्रम ठरला. कवी प्रदीप यांनी गाणं लिहिलं, सी. रामचंद्र यांनी चाल दिली आणि दुरावा बाजूला ठेवून लताबाई ते गायल्या. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू होते. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं ही गोष्ट तर शाळेच्या पोरांनाही माहीत आहे.

या चालीची गंमत अशी की त्यात ना ढोल-ताशांचा गजर, ना आरोळी. देशभक्तीपर गाणं म्हटलं की छाती फुगवणारी चाल अपेक्षित असते. अण्णांनी घरातलं कुणीतरी गेल्यावर जवळचं माणूस हळू आवाजात बोलतं तशी ती ठेवली. 'ईना मीना डीका' करणाऱ्या माणसानेच ही चाल केली यावर पटकन विश्वास बसत नाही.

हे गाणं कुठल्याच सिनेमात नव्हतं. त्यामुळे कुठल्याही पुरस्काराच्या स्पर्धेत ते येऊच शकत नव्हतं.

पुढे काय झालं? गाणं गाणाऱ्या लताबाईंना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, नंतर भारतरत्न मिळालं. लिहिणाऱ्या प्रदीप यांनाही फाळके पुरस्कार मिळाला. दोघांचाही हक्क निर्विवाद. चाल देणाऱ्या सी. रामचंद्र यांच्यापर्यंत मात्र फाळके पुरस्कार पोहोचला नाही. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे नाशिक जिल्ह्याचे. पुणतांबा तिथून काही फार लांब नाही.

आज कुणालाही विचारा, 'ऐ मेरे वतन के लोगों' कुणाचं? लताबाईंचं, हे उत्तर लगेच येईल. काही जण प्रदीप यांचं नाव घेतील. संगीतकाराचं नाव सांगणारा शंभरात एखादाच निघेल.

मराठीतले अण्णा

हिंदीतलं काम कमी झाल्यावर अण्णा मराठीकडे वळले. 'धनंजय' आणि 'घरकुल' हे सिनेमे त्यांनी केले. १९७० च्या 'घरकुल'मध्ये पप्पा-मम्मीचं लाडकं गाणं आहे, सुरेश भटांची तरल रचना आहे आणि बांबूच्या दाराच्या घराचं इंग्रजी चालीवरचं धमाल गाणंही आहे. तिन्ही गाणी आजही मराठी घरांत वाजतात, पण ती एकाच सिनेमातली, एकाच संगीतकाराची आहेत हे किती जणांना माहीत असतं?

गदिमांच्या शब्दांवर त्यांनी 'गीतगोपाल' केलं, कृष्णकथेची गाणी. पण आधी गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' घराघरात पोहोचलेलं होतं. त्या सावलीत 'गीतगोपाल'ला तितका उजेड मिळाला नाही. १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचं आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. आठवड्याभराने ते ६४ वर्षांचे झाले असते.

मग पुरस्कार लायक कामालाच मिळतात का?

याचं प्रामाणिक उत्तर आहे, कधी कधी.

१९६७ मध्ये सचिनदेव बर्मन यांचा 'गाईड' हरला आणि 'सूरज' जिंकला. आज दोन्ही सिनेमांची गाणी एकापाठोपाठ ऐकली तर बहुतेक लोक 'गाईड'कडे झुकतील. १९७३ मध्ये 'पाकिजा'चे गुलाम मोहम्मद यांना डावलून 'बेईमान'ला संगीताचा पुरस्कार मिळाला. तेव्हा 'बेईमान'साठीच सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेल्या प्राण यांनी निषेध म्हणून तो नाकारला. गुलाम मोहम्मद तर 'पाकिजा' पडद्यावर यायच्या आधीच गेले होते. मदनमोहन यांनाही फिल्मफेअर कधी मिळालं नाही. म्हणजे अण्णा या रांगेत एकटे नाहीत.

पण प्रत्येक वेळी कारस्थानच असतं असंही नाही. सी. रामचंद्र यांच्या बाबतीत तर समोरचे विजेतेही तोलामोलाचे होते. पुरस्कार एका वर्षाचा असतो, त्या वर्षीच्या लोकांच्या आवडीचा असतो आणि ठरवलेल्या रकान्यांपुरताच असतो. अण्णांचं काम या तिन्हींत नीट मावणारं नव्हतं. कधी ते पुरस्कार सुरू व्हायच्या आधीचं होतं, कधी त्याच्या चांगलेपणाचा अंदाज यायला काही वर्षं लागली, आणि कधी ते सिनेमाच्या बाहेरचं होतं. एका वर्षी एकच धून गाजवणाऱ्याला मतं मिळणं सोपं असतं. बागेश्रीपासून रॉक अँड रोलपर्यंत सगळीकडे हात टाकणाऱ्याला नेमकं कशासाठी मत द्यायचं, हेच लोकांना कळत नाही.

मग नाही मिळाला पुरस्कार, तर बिघडलं काय? गाणी तर टिकलीच ना?

गाणी टिकली, पण नाव टिकलं नाही. पुरस्काराचं खरं काम इथे असतं. ट्रॉफी कपाटात धूळ खाते, पण विजेत्यांची यादी राहते. वर्षानुवर्षं प्रश्नमंजुषेत, पेपरातल्या लेखांत, टीव्हीवरच्या कार्यक्रमांत तीच यादी फिरत राहते. त्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याचं गाणं लोक गातात आणि त्याचं नाव विसरतात. आधीच चार-पाच नावांनी काम केलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे जास्तच झालं.

यादी आता बदलता येणार नाही. पण आज आपल्या हातात मोबाईल आहे आणि गाण्याखाली संगीतकाराचं नाव लिहिलेलं असतं. या २६ जानेवारीला ते गाणं स्टेटसला ठेवाल तेव्हा लताबाई आणि प्रदीप यांच्यासोबत तिसरं नावही टाका : सी. रामचंद्र, पुणतांबा, जिल्हा अहिल्यानगर.